१/७०० ट्रिपोली: विमानं वीस, डेकवर तेरा

सध्याची स्थिती: ट्रिपोली जहाजाच्या १/७०० मापातल्या मॉडेलचा हल (जहाजाचं धड) जोडून, पुट्टी घासून तयार आहे. डेकचा मूळ रंग आणि रेषा झाल्या. विमानांपैकी नऊ रंगून झाली, चार प्रायमरवर आहेत. आयलंड (डेकच्या उजव्या कडेवरचा मनोरा) मुद्दाम सुटंच ठेवलंय, कारण ते एकदा चिकटलं की उजव्या बाजूला एअरब्रश नीट फिरत नाही.

प्रसंग एप्रिल २०२२ चा. अमेरिकी नौदलाच्या यूएसएस ट्रिपोलीवर (एलएचए-७) तेव्हा मरीन कोरची वीस एफ-३५बी (थोडं धावून उडणारी आणि सरळ खाली उतरणारी लढाऊ विमानं) एकत्र चढवली होती. एरवी अशा जहाजावर सहाच्या आसपास एफ-३५बी असतात, बाकी जागा ऑस्प्रे (रोटर वळवून उडणारी विमानं) आणि हेलिकॉप्टरांची. ट्रिपोलीवर पाहायचं होतं ते हे, की सैनिक किनाऱ्यावर उतरवणारं जहाज हलक्या विमानवाहू नौकेचं काम कितपत करू शकतं. कल्पना जुनीच आहे. २००३ च्या इराक युद्धात बटान आणि बॉनहोम रिचर्ड या दोन जहाजांवर वीसहून अधिक हॅरियर (एफ-३५बीच्या आधीची, तशीच सरळ उतरणारी विमानं) चढवून हेच केलं होतं.

हलबद्दल थोडक्यात. सुरुवात हॉबीबॉसच्या १/७०० वास्प वर्गाच्या किटवरून केली आहे. ट्रिपोली अमेरिका वर्गातली; दोन्ही वर्गांची लांबी २५७ मीटर, म्हणजे या मापात ३६७ मिमी, त्यामुळे हल ताणावा लागत नाही. मुख्य फरक मागच्या बाजूला आहे. वास्पला होड्या आत घेण्यासाठी वेल डेक असतो आणि त्याचा मोठा दरवाजा पाठीमागे दिसतो. अमेरिका आणि ट्रिपोली या दोन जहाजांत वेल डेक नाही. ती जागा मोठ्या हँगरला, कार्यशाळांना आणि विमानाच्या इंधनाला दिली आहे. ०.५ मिमी प्लास्टिक शीटने दरवाजा बुजवून कडा घासून घ्या. पुढच्या बोगेनव्हिलमध्ये (एलएचए-८) वेल डेक परत आणलाय, तेव्हा ते जहाज करणाऱ्याने हा भाग बुजवू नये.

आता डेक. इथे खरा वेळ द्यायला हवा. वीस विमानं ओळीने मांडलेलं मॉडेल देखणं दिसतं, पण त्या डेकवरून एकही विमान उडणार नाही. ट्रिपोलीला विमान पुढे फेकणारा कॅटापल्ट नाही, अडवणाऱ्या तारा नाहीत, तिरका डेक नाही. आपल्या विराटला पुढे १२ अंशांचा स्की-जंप (वर उचललेला चढ) होता, तोही इथे नाही. सपाट डेकवर धावत जाऊन उडायचं, म्हणून पिवळी ट्रॅम लाइन (विमान जिच्यावरून धावतं ती रेषा) मोकळी राहिलीच पाहिजे.

किती मोकळी, ते आकड्यांतून काढता येतं. एफ-३५बीसाठी सपाट डेकवरून उड्डाणाची ठरवलेली मर्यादा ६०० फूट आहे, म्हणजे १८३ मीटर, म्हणजे १/७०० मध्ये २६१ मिमी. वारा चांगला आणि भार हलका असेल तर विमान यापेक्षा लवकर उचलतं, पण मॉडेलसाठी पूर्ण अंतर धरा. डेकच्या पुढच्या कडेपासून मागे २६१ मिमी मोजून पेन्सिलची खूण करा. पहिलं विमान तिथे उभं राहील. मागे उरतात फक्त १०६ मिमी. विमानाची रुंदी, पंखाच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत, १०.७ मीटर, मापात १५.३ मिमी. म्हणून ट्रॅम लाइनच्या दोन्ही बाजूंना ७.७ मिमी पंखासाठी आणि वर निदान ४ मिमी सुरक्षिततेसाठी सोडा. या पट्ट्यात ट्रॅक्टर नको, माणूस नको.

उरलेल्या जागेत पार्किंग. एफ-३५बीचे पंख दुमडत नाहीत, ही या सगळ्या मांडणीतली मुख्य अडचण. विमानाची लांबी २२.३ मिमी. शेपूट ४ मिमी कडेबाहेर काढून सरळ काटकोनात लावलं तर नाक १८ मिमी आत येतं, आणि शेजारच्या विमानाशी २ मिमी फट ठेवली तर प्रत्येकी १७.३ मिमी कडा खर्च होते. शेपूट बाहेर काढताना मागची चाकं डेकवरच राहतात ना, हे खालून पाहून घ्या. पुष्कळांना वाटतं की ४५ अंशांत तिरकी लावली की जास्त मावतील. कागदी साचे कापून सरकवून पाहा: साधारण १८ मिमीच्या खाली गेलात की पंखाचं टोक शेजारच्याच्या आडव्या शेपटीला भिडतं. तिरपेपणाने जागा वाचत नाही. फायदा एवढाच, की विमान फारसं न वळता थेट बाहेर निघतं.

ठरलेली मांडणी अशी: आयलंडच्या पुढे उजव्या कडेला पाच, आयलंडच्या मागे पाच, हँगरमधून विमानं वर आणणाऱ्या उजव्या लिफ्टवर एक, ट्रॅम लाइनवर एक उड्डाणाच्या तयारीत आणि त्याच्या मागे एक वाट पाहत. झाली तेरा. बाकीची सात हँगरमध्ये समजायची. डावी लिफ्ट रिकामी, कारण ती धावपट्टीच्या अगदी लगत येते. बचावाचं एमएच-६०एस हेलिकॉप्टर डेकवर ठेवलेलं नाही. विमानं उडत असताना ते हवेत असतं.

डेकचा रंग गडद राखाडी, पण शुद्ध काळ्याकडे झुकू देऊ नका. या मापात तो फार जड दिसतो. ७ आणि ९ क्रमांकाच्या उतरण्याच्या जागांवर उष्णता सोसणारा वेगळा थर असतो, कारण सरळ खाली उतरताना जेटचा झोत थेट डेकवर आदळतो. हे चौकोन बाजूच्या डेकपेक्षा उजळ ठेवलेत.

ट्रॅम लाइन डिकॅलने (पाण्यात भिजवून चिकटवायच्या छाप्याने) करू नका. एवढी लांब पट्टी पाण्यात गुंडाळते किंवा मधेच तुटते, आणि सांधा लगेच दिसतो. दोन मास्किंग टेपांमध्ये ०.४ मिमी फट ठेवा, आधी डेकचाच रंग हलका फवारा म्हणजे टेपखालच्या फटी बुजतात, मग पिवळा. हा मधला फवारा टाळला की कड फाटकी येते. अंक आणि वर्तुळं डिकॅलची चालतील, पण खाली ग्लॉस थर हवाच. खरखरीत रंगावर डिकॅलखाली हवा अडकून चंदेरी डाग पडतात. कोकण-मुंबईकडच्यांनी पावसाळ्यात लॅकर ग्लॉस मारायची घाई करू नये. दमट हवेत तो दुधाळ होतो. कोरडा दिवस बघा किंवा पाण्यावर चालणारा ग्लॉस वापरा.

विमानं पारदर्शक प्लास्टिकची असतील तर कॅनॉपीजवळ सुपरग्लू अजिबात नको, वाफेने काच धुरकट होते. पांढरा गोंद पुरेसा आहे. तेरापैकी ट्रॅम लाइनवरच्या पहिल्या विमानालाच उड्डाणाचा अवतार द्यायचा: कॉकपिटमागचं लिफ्ट फॅनचं (विमान उचलून धरणाऱ्या पंख्याचं) झाकण उघडं, त्याच्या मागची छोटी झाकणं उघडी, मागचं नोझल खाली वळलेलं. लिफ्ट फॅनचं झाकण जेमतेम २ मिमीचं आहे. ०.१३ मिमी शीटमधून कापा, बिजागरी मागच्या कडेला ठेवा, म्हणजे झाकण पुढून उचललेलं दिसेल. उभ्या विमानांची झाकणं सगळी बंद.

माणसं २.५ मिमीची. पिवळे जर्सीवाले विमानांना दिशा देणारे, जांभळे इंधनवाले, लाल दारूगोळ्याचे, निळे विमानं हलवणारे, तपकिरी विमानप्रमुख. उड्डाणाच्या क्षणी पिवळा जर्सीवाला पंखाच्या रेषेबाहेर उजवीकडे ठेवा, जांभळे मागच्या रांगेजवळ.

पुढचा क्रम: आधी डेकच्या कडेची फोटो-एच (पातळ धातूच्या पत्र्याची) जाळी, मग आयलंड, मग विमानं. जाळी शेवटी लावायला गेलात तर कडेबाहेर आलेल्या शेपट्या चिमट्याला आडव्या येतात, आणि पहिली मोडते ती आडव्या शेपटीची टोकं.