कमरेच्या केसमध्ये मानेचं काय काम?

"कमर दुखतेय, मॅडम. साधी केस आहे," म्हणत शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्याने फाईल पुढे केली. आधीच्या आजारांच्या रकान्यात तीनच शब्द होते: शुगर, बीपी, संधिवात. आमच्या कायरोप्रॅक्टिकच्या, म्हणजे हातांनी मणके-सांध्यांवर उपचार करण्याच्या, शिकाऊ ओपीडीत पेशंटला उपचाराचा हात लावण्याआधी केस आमच्यापुढे मांडून सही घ्यावी लागते. मी सही केली नाही. म्हटलं, आजींच्या गोळ्या पाहिल्यास का?

पेशंट सांगतात ते आजार आणि त्यांच्या पिशवीतल्या गोळ्या यांचा मेळ क्वचितच बसतो. आजींनी पिशवी टेबलावर उपडी केली. शुगरची मेटफॉर्मिन, बीपीची गोळी, संधिवाताची मेथोट्रेक्सेट, प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड, रक्त गोठू न देणारी वॉरफरिन आणि तळाशी वेदनाशामक आयबुप्रोफेनची अर्धी संपलेली पट्टी. वॉरफरिन कशाला? "ते हृदयाचे ठोके मधूनच चुकतात ना, म्हणून." हे आधी सांगितलं नव्हतं, कारण कमरेच्या डॉक्टरला त्याचं काय!

मुलांना प्रत्येक आजार सुटा सुटा शिकवला जातो आणि परीक्षेतही तसाच विचारला जातो. पेशंट मात्र सगळे धडे एकदमच घेऊन येतो. म्हणून मी त्याला कागद दिला आणि म्हटलं, प्रत्येक गोळीपुढे आजाराचं नाव नको, तिच्यामुळे आपल्या हाताखाली काय बदलतं ते लिही. प्रेडनिसोलोन वर्षानुवर्षं चालू, म्हणजे हाडं ठिसूळ झालेली असू शकतात. वॉरफरिन असताना जोराचा झटका दिला तर आत रक्तस्राव होऊ शकतो. ताजा आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, माहीत हवा. आयबुप्रोफेनपाशी तो थबकला आणि काही न सांगता आजींकडे वळून विचारता झाला, "शौचाला काळं होतं का?" नाही म्हणाल्या. वॉरफरिनवर आयबुप्रोफेन म्हणजे पोटातल्या रक्तस्रावाला आमंत्रण. त्याशिवाय ते बीपी चढवतं, मूत्रपिंडांवरही ताण आणतं. एवढं त्याला स्वतःहून सुचलं, तेव्हा मी जरा निर्धास्त झाले.

मग आजीच म्हणाल्या, "जाताना मानेचाही कडकन आवाज काढून दे रे बाबा." मोबाइलवरच्या त्या कडकड व्हिडिओंनी आमच्या धंद्याचं जेवढं नुकसान केलंय तेवढं टीकाकारांनीही केलं नसेल. आजींचा संधिवात ऱ्हुमॅटॉइड, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो, होता. त्यात मानेच्या पहिल्या दोन मणक्यांना धरून ठेवणारा अस्थिबंध सैल पडू शकतो. मोठ्या माणसात त्या जागी 3 मिलिमीटरपेक्षा जास्त फट दिसली तर संशय घ्यायचा. अशा मानेला झटका देणं म्हणजे थेट मज्जारज्जूशी खेळ.

तपासणी मी पायापासून करायला लावली. तो खाली बसला. आजींनी डोळे मिटायचे आणि 10 ग्रॅमच्या मोनोफिलामेंटचा, म्हणजे संवेदना तपासायच्या नायलॉनच्या बारीक तंतूचा, स्पर्श कळला की "हो" म्हणायचं. घोट्यावर "हो" आलं, तळव्यावर काहीच नाही. अंगठ्याखाली फुटलेला फोड होता, त्याचा आजींना पत्ताच नव्हता. "नस दबली असेल," तो पुटपुटला. दोन्ही पायांत सारखीच बधिरता, मोजा घातल्यासारखी? ही शुगरची करामत. तरी कमरेत नसा दबल्या नाहीत ना, म्हणून लघवीवरचा ताबा आणि जांघेतली संवेदना विचारून घेतलीच.

नंतर तो मणक्यांवर हलकेच ठोकत वर सरकला. छाती संपून कमर सुरू होते तिथे आजी कळवळल्या. जड पिशवी उचलताना दुखणं सुरू झालेलं, आणि वरच्या फळीला हल्ली हात पुरत नाही म्हणे, म्हणजे उंची घटली असावी. त्या दुपारच्या एक्स-रेमध्ये कमरेचा पहिला मणका पुढून चेपून पाचरीसारखा झालेला दिसला. ही "साधी केस" थेट ॲडजस्टमेंटच्या, म्हणजे मणक्याला झटका देण्याच्या, टेबलावर गेली असती तर?

"आता काय करशील?" मी विचारलं. "टेबल नको. फोन," तो म्हणाला. आजींच्या फिजिशियनशी तो स्वतः बोलला: फ्रॅक्चर, आयबुप्रोफेन, आयएनआर, पायाची जखम. सोबत द्यायची चिठ्ठी मात्र पानभर झाली. मी कात्री लावली. वाचणाऱ्या डॉक्टरला पहिल्या तीन ओळींत मुद्दा कळला पाहिजे.

आजी हिरमुसल्या. "म्हणजे आज काहीच करणार नाही?" त्याने त्यांना अंग न पिळता कुशीवर वळून उठायला शिकवलं, वाकून उचलायला मनाई केली, जखमेवर पट्टी केली आणि प्रेडनिसोलोन आपल्या मनाने एकदम बंद करायचं नाही हे दोनदा बजावलं. यात अर्धा तास गेला. एका ॲडजस्टमेंटला काही सेकंद लागतात.

पुढे फिजिशियनने वेदनाशामक बदललं आणि हाडांसाठी औषध सुरू केलं. मणका सांधत आल्यावर आमच्याकडे आजींचे व्यायाम आणि खांद्यांवर हलका हात एवढंच चाललं. मानेच्या एक्स-रेत ती फट 3 मिलिमीटरच्या पुढेच निघाली, त्यामुळे तोही रिपोर्ट फिजिशियनकडे गेला. आजी अजून दर वेळी त्या कडकन आवाजाची आठवण करून देतात, आणि तो दर वेळी मानेची फिल्म उजेडात धरून त्यांना ती फट दाखवतो.