‘हॉट’ म्हणजे शो की पिकाँ?

गुहागरला आमच्या घरी पाहुण्यांसाठी दोन खोल्या आहेत. गेल्या डिसेंबरात एक फ्रेंच जोडपं यायचं होतं, म्हणून जेवणाची यादी मी इंग्रजीवरून फ्रेंचमध्ये केली. बांगड्याच्या तिखल्यापुढे ‘हॉट’ होतं. कोशात पहिला शब्द दिसला ‘शो’, तोच लिहिला. शो म्हणजे गरम; तिखटाला म्हणतात ‘पिकाँ’. पहिल्याच घासाला बाईंच्या डोळ्यांत पाणी! आईने धावत सोलकढी आणली. मला फार वाईट वाटलं. आपल्याकडे गरम वेगळं, तिखट वेगळं. थेट मराठीवरून गेले असते तर चुकलेच नसते.

आता कोश उघडण्याआधी मी पूर्ण वाक्य मराठीत लिहिते.

नदीचंच बघा. इंग्रजीत सगळ्या ‘रिव्हर’. भूगोलाच्या फ्रेंचमध्ये समुद्राला मिळते ती ‘फ्लव्ह’, दुसऱ्या नदीला मिळते ती ‘रिव्हिएर’. म्हणजे दाभोळजवळ समुद्राला मिळणारी आपली वाशिष्ठी फ्लव्ह, आणि तिला येऊन मिळणारी खेडची जगबुडी रिव्हिएर. किती नेमकं! धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळला जाताना आईला हे सांगितलं.

ती म्हणाली, “मग खाडीला गो काय म्हणतात?”

घरी येऊन शोधलं. ‘क्रीक’ला कोशात ‘रुइसो’ही होता, पण तो ओढा, अमेरिकेत क्रीक म्हणजे ओढाच. भरती-ओहोटीच्या आमच्या दाभोळ खाडीला शोभतो तो शब्द ‘एस्त्युएर’. यादीमागच्या नकाशावर तोच लिहिलाय.