लाव्याची पिल्लं: आधी ऊब, मग पाणी, मग खाद्य

जपानी लाव्याचं, म्हणजे बटेराचं अंडं १० ते १२ ग्रॅमचं. सतराव्या-अठराव्या दिवशी त्यातून बाहेर पडणारं पिल्लू ७-८ ग्रॅमचं. कोंबडीचं एक दिवसाचं पिल्लू चाळीसेक ग्रॅमचं असतं, म्हणजे याच्या पाचपट. कोंबडीच्या पिल्लांना जमलेली व्यवस्था लाव्याला जशीच्या तशी लावली की पहिल्या आठवड्यातच मर लागते, त्याचं कारण या वजनात आहे. इतक्या लहान अंगातून ऊब झपाट्याने निघून जाते. गारठलेलं पिल्लू बल्बखालून हलत नाही, हललं नाही की खाद्यापर्यंत पोचत नाही, आणि दोन दिवसांत समोर खाद्य असूनही उपाशी मरतं. मग पालक खाद्याला दोष देतो, कंपनी बदलतो, औषधं आणतो. चूक मात्र तापमानात असते. म्हणून ऊब आणि खाद्य हे दोन वेगळे विषय समजू नयेत.

पिल्लं येण्याच्या आदल्या दिवशीच ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब देणारी बल्बची जागा, चालू करा. आयत्या वेळी बल्ब लावला तर हवा तापते, जमीन गारच राहते, आणि पिल्लाचं पोट टेकलेलं असतं जमिनीला. १०० पिल्लांसाठी साधारण १ मीटर व्यासाचं गोल कडं पुरतं. हे कडं, म्हणजे चिक गार्ड, पुठ्ठ्याचं किंवा पत्र्याचं घ्या, उंची दीड फूट. गोलच हवं. चौकोनी खोक्यात कोपरे असतात, घाबरली किंवा गारठली की पिल्लं कोपऱ्यात एकावर एक चढतात आणि खालची गुदमरून मरतात. खोकंच वापरायचं असेल तर चारही कोपरे पुठ्ठा वाकवून गोल करून घ्या. जाळीचा पिंजरा असेल तर जाळी पाव इंचाची पाहिजे. अर्ध्या इंचाच्या जाळीत पाय अडकतात, बारीक पिल्लं आरपार निघूनही जातात.

खाली भाताचं तूस किंवा लाकडाचा भुसा दोन इंच पसरा, पण पहिले तीन-चार दिवस तो झाकलेला ठेवा. नवं पिल्लू काहीही टोचतं, भुशाने पोट भरलं तर खाद्याला जागा उरत नाही. झाकायला गुळगुळीत वर्तमानपत्र मात्र नको. त्यावर पाय घसरतात, दोन्ही बाजूंना फाकतात आणि ते पिल्लू पुन्हा नीट उभं राहत नाही. खरखरीत गोणपाट किंवा नळीदार पुठ्ठ्याची खरखरीत बाजू वर करून अंथरा. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, भुसा उन्हात कडकडीत वाळवूनच वापरा. बुरशीचा वास येणारा भुसा फुप्फुसात बुरशी धरवतो, आणि त्यावर नंतर उपाय चालत नाही.

आता तापमान. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर ३५ ते ३७ अंश सेल्सिअस हवं. थर्मामीटर भिंतीवर टांगून काही कळत नाही, तो जमिनीपासून दोन इंचांवर, बल्बच्या कडेला ठेवा. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत न्यायचं. १०० पिल्लांना दोन १०० वॉटचे पिवळे बल्ब साधारण पुरतात, हिवाळ्यात नाशिक-पुण्याकडच्या रात्रींना तिसरा लागतो. एलईडी बल्ब उजेड देतो, ऊब देत नाही. हे माहीत असूनही घाईत चुकतं, कारण तालुक्याच्या गावात आता जुने पिवळे बल्ब सहज मिळत नाहीत. ते नसतील तर इन्फ्रारेड दिवा घ्या. तो एकाच जागी फार तापतो, म्हणून फूट-दीड फूट उंच टांगून साखळीने खाली-वर करता येईल असा बांधा. सगळं कडं एकसारखं तापवू नका. मध्ये उष्ण आणि कडेला सौम्य असा उतार ठेवला तर पिल्लं स्वतःला हवी ती जागा शोधतात.

आकड्यापेक्षा पिल्लांकडे बघणं महत्त्वाचं. बल्बखाली गठ्ठा करून चिवचिवाट चालला असेल तर गारठा आहे. कडेला पळून चोच उघडी, पंख सैल सोडलेले असतील तर उष्णता जास्त झाली, बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूने वारा शिरतो आहे, तिथली फट शोधा. विखुरलेली, काही खाताहेत, काही पाय पसरून झोपली आहेत आणि आवाज शांत आहे, असं दिसलं की काही बदलू नका. ही पाहणी रात्री दोन-तीनच्या सुमारासही एकदा करा. संध्याकाळी बरोबर असलेलं तापमान पहाटेपर्यंत उतरतं आणि मर पहाटे होते. विदर्भात एप्रिल-मे महिन्यात उलटं करावं लागतं. दुपारी बल्ब बंद करून फक्त उजेडाचा दिवा चालू ठेवायचा, आणि छपरावर पाणी मारायचं.

वीज जाणार हे गृहीत धरूनच तयारी ठेवा. उकळतं पाणी भरलेल्या बाटल्या जाड फडक्यात गुंडाळून कड्यात ठेवल्या आणि वरून गोणपाट टाकलं, हवेला थोडी जागा सोडून, तर तास-दीड तास निभावतं. कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवू नये. तिच्या धुरातला विषारी वायू दिसत नाही आणि पिल्लांबरोबर माणसालाही मारतो.

उबवणी यंत्रातून पिल्लं अंग कोरडं झाल्याशिवाय काढू नका. पोटातल्या पिवळ्या बलकावर ती काही तास तग धरतात, पण २४ तासांच्या आत पाणी आणि खाद्य मिळालं पाहिजे. पाणी आधी. दुरून प्रवास करून आली असतील तर लिटरला ५० ग्रॅम गूळ विरघळवून, गाळून, पहिले चार-पाच तास द्या. त्यानंतर राहिलेलं फेकून साधं पाणी ठेवा, गुळाचं पाणी उबेत आंबतं. पाणी गार नको, ब्रूडरजवळ ठेवून कोमट झालेलं हवं. पहिल्यांदा काही पिल्लांची चोच पाण्यात हलकेच बुडवून दाखवा, बाकीची बघून शिकतात.

लाव्याचं पिल्लू पाव इंच पाण्यातही बुडून मरतं. भिजलं तर बुडालं नाही तरी गारठून जातं. कोंबडीच्या पिल्लांचा ड्रिंकर, म्हणजे पाण्याचं भांडं, तसाच ठेवायचा नाही. त्याच्या कडेच्या खाचेत गोट्या किंवा धुतलेले खडे गच्च भरा, पिल्लाने फटीतून फक्त चोच घालायची. आठवडाभराने खडे काढले तरी चालतं. रोज दोनदा खडे धुवा, त्यांच्यावर बुळबुळीत थर लवकर धरतो.

खाद्यात प्रथिनं २४ टक्क्यांच्या खाली नकोत. लाव्यासाठीचं तयार खाद्य आपल्याकडे सगळीकडे मिळत नाही, म्हणून बहुतेक जण ब्रॉयलर प्री-स्टार्टर, म्हणजे मांसाच्या कोंबड्यांच्या पिल्लांचं सुरुवातीचं खाद्य, वापरतात. त्यात २२-२३ टक्के असतात. ९ किलो प्री-स्टार्टरमध्ये ४५ टक्के प्रथिनांची १ किलो सोयापेंड मिसळली की हिशेब पावणेपंचवीसच्या आसपास बसतो. पेंड तेल काढलेली, भाजलेली हवी, कच्चं सोयाबीन दळून घालू नका, ते पचत नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं लेयर खाद्य तर मुळीच नको. त्यातलं साडेतीन-चार टक्के कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडं बिघडवतं.

दाण्याचा आकारही तितकाच महत्त्वाचा. प्री-स्टार्टरचे तुकडे या चोचीला मोठे पडतात. मिक्सरमध्ये एक-दोन झटके देऊन रव्याइतके बारीक करा आणि चाळा. पिठासारखं झालं तर ते चोचीला चिकटून घट्ट होतं, नाकपुड्या बुजतात. दोन-तीन दिवसांपुरतंच भरडा, भरडलेलं खाद्य दमट हवेत लवकर खवट होतं. पहिले दोन दिवस ते भांड्यात न ठेवता गोणपाटावर आणि उथळ ताटलीत पसरून द्या, बल्बच्या अगदी खाली नव्हे, उबेच्या कडेला. १०० पिल्लांना पहिल्या आठवड्यात अडीच ते तीन किलो लागतं. दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं घाला, म्हणजे प्रत्येक वेळी पिल्लं उठून टोचायला येतात. पहिले दोन आठवडे उजेड रात्रंदिवस.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहा-बारा पिल्लं हातात घेऊन गळ्याखालची पिशवी चाचपून बघा. भरलेली आणि मऊ लागली तर ठीक. रिकामी असेल तर तापमान, भांड्यांची जागा आणि दाण्याचा आकार या क्रमाने तपासा. कडक लागली तर पाणी कमी पडतं आहे. मागच्या बाजूला विष्ठा चिकटून घट्ट झाली असेल तर कोमट पाण्याच्या बोळ्याने भिजवून काढा, ओढू नका, आणि पिल्लू पूर्ण कोरडं होईपर्यंत बल्बखाली ठेवा.

मुंग्यांकडे दुर्लक्ष करू नका. गूळ आणि भरड यांच्या वासाने त्या येतात आणि पहिल्या दोन दिवसांच्या पिल्लाला जिवंत खातात. पिंजऱ्याचे पाय पाणी भरलेल्या वाट्यांत ठेवा. जमिनीवर कडं असेल तर बाहेरून लाकडाच्या राखेचा जाड पट्टा टाका, आत कीटकनाशक पावडर नको.

आठवड्याभरात वजन तिपटीच्या आसपास जातं आणि पंखांना बळ येतं. सात-आठ दिवसांनी कड्यावर मऊ जाळी बांधा, नाहीतर दचकली की सरळ वर उडून बाहेर पडतात. जागा दर दोन-तीन दिवसांनी वाढवत दोन आठवड्यांअखेर दुप्पट करा. ऊब तोडताना आधी दुपारची तोडायची, रात्रीची सगळ्यात शेवटी. उन्हाळ्यात हे तिसऱ्या आठवड्याच्या सुरुवातीलाच होतं, डिसेंबर-जानेवारीत चौथा आठवडा उजाडतो. बल्ब काढल्यावर पहाटे पिल्लं पुन्हा गठ्ठा करून बसलेली दिसली तर एक बल्ब आणखी चार-पाच रात्री लावून ठेवा.