३० फुटी केबिन क्रूझर: पावसाळ्यातलं काम कुठवर आलं

बोट फायबरची, ३० फूट लांब, ३.२ मीटर रुंद. प्रत्येकी २०० एचपीची दोन टर्बो डिझेल इंजिनं, ४० मिमीचे सरळ स्टेनलेस शाफ्ट, चार पात्यांचे कांस्याचे पंखे. एरवी मुक्काम मुंबई बंदरात, मुरिंगवर (तळाशी नांगरलेल्या बोयाला बांधून). मेअखेरच्या उधाणाला, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, ट्रॉलीवरून वर काढली. उतरवायची सप्टेंबरच्या उधाणाला. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या छोट्या भरतीला स्लिपवेवर (बोट चढवण्या-उतरवण्याचा उतार) पुरेसं पाणी चढत नाही, त्यामुळे एक उधाण हुकलं की पंधरवडा गेलाच. खालच्या कामांचा क्रम त्या तारखेवरून उलटा मोजून लावला आहे.

इंजिनाच्या पुस्तकांत बोट उभी ठेवण्याचं जे प्रकरण असतं ते बर्फाच्या मुलखासाठी लिहिलेलं असतं. आपल्याकडे काही गोठत नाही, पण जून ते सप्टेंबर हवेत ओल असते आणि नळ्यांत राहिलेलं खारं पाणी आपलं काम करत बसतं. म्हणून यंदा सगळ्यात जास्त वेळ खाऱ्या पाण्याच्या वाटेवर दिला: सी-कॉकपासून (बोटीच्या तळातला पाण्याचा नळ) एक्झॉस्टपर्यंत.

बोट वर आली त्याच दिवशी दोन्ही इंजिनं गोड्या पाण्यावर चालवली. नळाची धार पुरत नाही, म्हणून २०० लिटरचा ड्रम भरून त्यात सक्शनची नळी सोडली आणि इंजिन आयडलवर ठेवून नळानं ड्रम भरत ठेवला. इथे एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवायची. बंद इंजिनाच्या सक्शनला नळाची नळी थेट जोडायची नाही. पंपातून पुढे सरकलेलं पाणी वॉटरलॉकमध्ये (एक्झॉस्टमधला पाणी धरणारा डबा) साठतं, तिथून एल्बोमार्गे (एक्झॉस्टची वाकडी नळी) टर्बोत आणि शेवटी सिलिंडरमध्ये उतरतं. पाण्यानं भरलेल्या सिलिंडरवर स्टार्टर मारला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजिन, मग पाणी; बंद करताना आधी पाणी, लगेच इंजिन.

इंपेलर (खाऱ्या पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक) दोन्ही काढून ठेवलेत. चार महिने एकाच जागी दबून राहिले की पाती वाकडी बसतात आणि पहिल्याच दिवशी पाणी कमी उचलतात. नवे बसतील ते उतरवण्याच्या आठवड्यात, ग्लिसरीन किंवा साबणाचं पाणी लावून. पेट्रोलियम ग्रीस नको, रबर फुगतं. पंपाच्या झाकणावर बंदरातल्या गाळानं गोल चरे पाडलेत. दुसरी बाजू गुळगुळीत असेल तर झाकण उलटं बसवून आणखी एक हंगाम काढता येतो. डाव्या पंपाचं तसं केलंय, उजव्याचं नवं घेतलं. गास्केट मूळ जाडीचंच हवं. बाजारातून जाड कागद आणून कापला तर इंपेलर आणि झाकण यांत फट राहते आणि पंपाची ओढ कमी होते. पंपाच्या पोटाला, दोन सीलांच्या मध्ये, एक बारीक भोक असतं. त्यातून थेंब पडत असतील तर सील गेलं आहे. रंगकाम करणारे ते भोक बुजवून टाकतात आणि मग बाहेर न पडलेलं खारं पाणी ऑइलच्या बाजूला वाट काढतं. दाभणानं मोकळं करून घ्यावं.

जुन्या इंपेलरचं एखादं पातं तुटलेलं निघालं तर तो तुकडा सापडेपर्यंत काम पुरं झालेलं नाही. तो बहुधा हीट एक्स्चेंजरच्या (खाऱ्या पाण्यानं कूलंट थंड करणारा नळ्यांचा गठ्ठा) तोंडाशी अडकलेला असतो. यंदा तिथे रबर नव्हतं, पण पेन्सिल ॲनोडचे (बाकी धातूंऐवजी स्वतः झिजणारी कांडी) झडलेले तुकडे आणि गाळ मिळून जवळपास पाव नळ्या बंद होत्या. बंदरातल्या बोटींचं तापमान हंगामाच्या शेवटी चार-पाच अंशांनी चढतं ते बहुतेक यामुळेच. थर्मोस्टॅटवर उगाच आळ येतो.

नळ्यांचा गठ्ठा बाहेर काढून आधी लाकडी काडीनं गाळ ढकलला. तारेचा ब्रश नको, क्युप्रोनिकेलवर (तांबं-निकेलचा मिश्रधातू) ओरखडे पडतात. मग १० लिटर कोमट पाण्यात १ किलो लिंबूसत्व घालून त्यात बुडवला. बुडबुडे यायचे थांबले की क्षार संपला. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात एक बुडी आणि भरपूर गोडं पाणी. हायड्रोक्लोरिक ॲसिडवाली शौचालयाची बाटली लवकर काम करते हे खरं, पण इंटरकूलरचं (टर्बोतून येणारी हवा थंड करणारा भाग) घर ॲल्युमिनियमचं असेल तर ती धातूच खाते. गठ्ठ्याची दोन्ही तोंडं बंद करून, १ बारच्या आत हवा देऊन पाण्यात धरला. बुडबुडा नाही, म्हणजे नळी फुटलेली नाही.

इंटरकूलर मात्र दर दोन वर्षांनी उघडायलाच हवा, गरज दिसो वा न दिसो. ॲल्युमिनियमचं घर आणि क्युप्रोनिकेलचा गाभा यांच्यामध्ये पांढरा क्षार धरतो आणि चौथ्या-पाचव्या वर्षी गाभा बाहेर येतच नाही. मग घरासकट नवा. बसवताना ओ-रिंग नव्या आणि टेकणाऱ्या सगळ्या जागांना मरीन ग्रीस सढळ हातानं. ही ओ-रिंग गळली तर खारं पाणी हवेबरोबर थेट सिलिंडरमध्ये जातं, तिथे काटकसर नको.

एक्झॉस्ट एल्बो: डावा बदलला, उजवा साफ करून परत बसवला. तापलेला धूर आणि खारं पाणी इथे पहिल्यांदा भेटतात, त्यामुळे हा भाग आतून सडतो आणि बाहेरून रंग लावलेला छान दिसतो. काढल्याशिवाय कळत नाही. हातोडीनं हलकं ठोकलं की चांगला धातू खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. डाव्याचं आतलं तोंड काजळी आणि मिठानं निम्म्यावर आलेलं होतं, आणि याच इंजिनाचा काळा धूर उजव्यापेक्षा जास्त होता. आतली भिंत फुटली तर इंजिन बंद असताना पाणी टर्बोत उतरतं आणि टर्बाइन गंजून अडकतो. एल्बोच्या कितीतरी पट खर्च. आमच्या मते एल्बो इंपेलरसारखाच झिजीचा माल धरावा, फक्त सावकाश झिजणारा. बोल्टना अँटी-सीझ लावलं आहे. एक्झॉस्टमध्ये पाणी सोडण्याची जागा पाणरेषेच्या जवळ किंवा खाली असेल तर समुद्राचं पाणी आपोआप आत ओढलं जाऊ नये म्हणून वर अँटी-सायफनचं वळण असतं. त्याच्या टोपीतला छोटा व्हॉल्व्ह मिठानं चिकटतो. कोमट पाण्यात धुतला की मोकळा. पाच मिनिटांचं काम, आणि बहुतेक जण करत नाहीत.

कूलंट बदललं. गोठण्याची भीती नसली तरी ग्लायकॉलमधली गंजरोधक द्रव्यं हवीतच, म्हणून निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड वॉटर. ऑइल बोट वर काढतानाच बदललं होतं. वापरलेल्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंगवर पावसाळाभर बसवून ठेवायचं नाही.

डिझेलच्या टाक्या ९५ टक्के भरून ठेवल्यात. रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री थंड होते, पाणी तळाला जातं आणि डिझेल-पाण्याच्या सीमेवर काळी बुरशी वाढते. रॅकॉरच्या (डिझेलमधलं पाणी वेगळं करणारी पहिली गाळणी) काचेत कॉफीच्या गाळासारखं काही दिसलं तर ती हीच. पहिल्या गाळणीला १० मायक्रॉनचं निळं एलिमेंट ठेवलंय. २ मायक्रॉनचं तपकिरी तिथे लावलं तर ते लवकर चोंदतं आणि बारीक गाळणीचं काम इंजिनावरच्या फिल्टरला उरत नाही. डेकवरच्या डिझेल टोपीची ओ-रिंग बदलली. टाकीत पाणी कुठून आलं याचं उत्तर बऱ्याचदा ती सपाट झालेली रिंगच असते.

आता पाण्याखालचा भाग. कटलेस बेअरिंग (शाफ्टला पंख्याजवळ आधार देणारे, आतून रबराचे) दोन्ही बदलले. शाफ्ट हातानं वर-खाली हलवून डायल गेजवर दीड मिमीच्या आसपास खेळ दिसत होता, आणि गढूळ पाण्यात तो पुढे झपाट्यानं वाढतो. जुना काढताना शाफ्ट बाहेर घेऊन हॅकसॉच्या पात्यानं पितळी कवच लांबीत एका जागी कापायचं आणि आत मुडपायचं. ब्रॅकेटला पातं लागता कामा नये. नवा बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवला, मग लांब आट्याचा बोल्ट आणि जाड वॉशर लावून आत ओढला. हातोडी मारली की कवच लंबगोल होतं आणि शाफ्ट घट्ट फिरतो. आतल्या रबराला फक्त साबणाचं पाणी.

ग्लँडची (शाफ्ट बोटीबाहेर पडतो तिथला पाणी अडवणारा जोड) पॅकिंग, म्हणजे त्यात भरलेली दोरी, काढल्यावर उजव्या शाफ्टवर त्याच जागी बारीक खड्डे दिसले. स्टेनलेसला टिकायला पाण्यातला ऑक्सिजन लागतो. पॅकिंगखाली पाणी अडून राहिलं की तो संपतो आणि चकचकीत शाफ्ट तिथेच पोखरतो. मुरिंगवर महिनोन्‌महिने न हलवता ठेवलेल्या बोटीत हे हमखास दिसतं. पंधरा दिवसांतून एकदा गिअर टाकून थोडं फिरवलं तरी फरक पडतो. खड्डे अजून उथळ आहेत. शाफ्ट पॉलिश करून, पॅकिंग दुसऱ्या जागी बसेल असा थोडा सरकवला आहे. पुढच्या वर्षी बदलावा लागेल असं धरून चाललो आहोत. नव्या पॅकिंगच्या चार कड्या, प्रत्येकीचा जोड ४५ अंशात कापलेला आणि आधीच्या जोडापासून १२० अंश फिरवलेला. एकच लांब दोरी गुंडाळून भरली तर पाणी गुंडाळीवरून चालत आत येतं.

पंख्याचे नट: आधी पातळ, वर जाड. उलटं दिसतं, पण जाड नट घट्ट आवळला की ताण तोच घेतो आणि पातळ नट नुसता टेकण राहतो. त्याआधी पंखा शाफ्टच्या निमुळत्या भागावर ग्राइंडिंग पेस्ट लावून घासून बसवला, चावी (पंखा शाफ्टवर घसरू न देणारी खीळ) न घालता. शाफ्टचे ॲनोड जस्ताचे, बेअरिंगपासून निदान २५ मिमी लांब, नाहीतर बेअरिंगला पाणी पोचत नाही. ॲनोडखालचा शाफ्ट चकचकीत होईतो घासायचा. घाणीवर बसवलेला ॲनोड वर्षभर नव्यासारखा राहतो, म्हणजे त्यानं कामच केलेलं नाही. ॲनोडला रंग लावायचा नाही. हल ॲनोडपासून (बोटीच्या तळावरचा) शाफ्टच्या ब्रशपर्यंत (फिरत्या शाफ्टला टेकून विजेची जोडणी देणारा) रोध १ ओहमच्या आत आहे.

सी-कॉक सगळे उघडून पाहिले. एकाच्या नळीच्या शेपटाला खरवडल्यावर पिवळ्याऐवजी गुलाबी झाक आली. साध्या पितळेतलं जस्त निघून जाऊन उरलेलं तांबं ते, हातानं मोडतं. तिथे कांस्याचं बसवलं. प्रत्येक नळीला दोन पट्ट्या, आणि प्रत्येक सी-कॉकला दोरीनं बांधलेलं लाकडी बूच.

तळाचा रंग (शेवाळ-शिंपले धरू न देणारा, तांबं असलेला) अजून लावलेला नाही, आणि मुद्दामच. पृष्ठभाग दवबिंदूपेक्षा निदान ३ अंश गरम आणि हवेतली आर्द्रता ८५ टक्क्यांच्या खाली हवी. जुलैत हे दोन्ही एकत्र क्वचितच जमतं. यंत्राचं काम पावसात, रंग उघडिपीत. हिशेब असा: पाणरेषेची लांबी ८.४ मीटर, गुणिले रुंदी ३.२ अधिक तळाची खोली ०.६ मीटर, म्हणजे सुमारे ३२ चौरस मीटर. लिटरला ९ चौरस मीटर धरलं तर दोन हातांना ७ लिटरच्या थोडं वर. पाणरेषा, नाळ आणि सुकाणूला तिसरा हात धरून ८ लिटर. जुना रंग ओल्या कागदानंच घासायचा, तोंडाला मास्क लावून. कोरडं घासलं तर तांब्याची विषारी धूळ उडते. पंख्यांना हा रंग नाही, त्यांना सिलिकॉनचं लेप-किट. जेलकोटला (फायबरवरचा बाहेरचा गुळगुळीत थर) फोड आलेले असतील तर इपॉक्सीचा घाट पावसाळ्यात घालूच नये, तळ तोवर सुकलेलाच नसतो.

केबिनचं थोडक्यात: गाद्या घरी, कपाटांची दारं उघडी, फ्रीजचं दार काठी लावून उघडं, ताडपत्री उंच कण्यावरून दोन्ही बाजूंना हवा खेळेल अशी. बिल्जचं (बोटीच्या पोटातला सगळ्यात खालचा भाग) बूच काढून ठेवलं आहे. कॉकपिट १२ चौरस मीटर धरला तर १०० मिमी पावसाचे १,२०० लिटर होतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिमी पडला होता, म्हणजे ११ हजार लिटरच्या वर. ताडपत्री फाटली तर बूचच बोट वाचवतं. बॅटऱ्यांची निगेटिव्ह सोडली आहे, महिन्याला एकदा चार्ज, १२.४ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही.

उरलेलं काम: घासणं, रंग, इंपेलर, बूच आवळून त्याच्यावर खूण. पाण्यात उतरल्यावर ट्रॉलीचे पट्टे सोडण्याआधी सगळे सी-कॉक आणि दोन्ही ग्लँड टॉर्चनं पाहायचे. ग्लँड सुरुवातीला सैल ठेवून थेंब पडू द्यायचे, चालवल्यावर हात ठेवता येईल इतपतच गरम राहील असा हळूहळू आवळायचा. इंजिन-शाफ्टची रेघ जमिनीवर लावण्यात अर्थ नाही, पाण्यात तळाचा आकार थोडा बदलतो. दोन दिवस तरंगू द्यायची, मग कपलिंगचे बोल्ट सोडून चार जागी फीलर गेज घालायचा. १२५ मिमीच्या फ्लँजला फरक ०.१२ मिमीच्या आत हवा. त्यानंतर भरल्या टाकीनं पूर्ण थ्रॉटलची चाचणी: दोन्ही इंजिनांनी कारखान्यानं दिलेला कमाल आरपीएम गाठायला हवा. दोन्ही कमी पडली तर पंखा किंवा वजन, एकच कमी पडलं तर त्या बाजूची हवा, डिझेल किंवा एक्झॉस्ट. डाव्या बाजूला नवा एल्बो बसल्यानंतरचा आकडा वेगळा लिहून ठेवायचा आहे.