पळून गेलेलं लोखंड

मुलीकडे कॅलिफोर्नियाला जाऊन आले की सगळे विचारतात काय काय बघितलं, गोल्डन गेट बघितला का, आणि मी म्हणते हो बघितला पण खरं सांगू का, मी माती बघितली. मग समोरचा दोन सेकंद गप्प बसतो आणि चहाचं विचारतो. म्हणून म्हटलं इथे लिहावं, ज्याला वाचायचं तो वाचेल.

आता माझी पण चूक नाही हो, बावीस वर्षं नाशकात माती परीक्षण लॅबमध्ये काढली आहेत. दिंडोरी, निफाड, ओझर, पिंपळगाव, सगळीकडून द्राक्षवाल्यांच्या पिशव्या यायच्या आणि रिपोर्ट बहुतेक ठरलेला, पीएच (सातच्या खाली आम्ल, वर अल्क) आठच्या पुढे, मुक्त चुना जास्त, लोह कमी. इतक्या वेळा लिहिलंय ते की झोपेत पण लिहीन. तर अशा बाईला जावईबापूंनी सॅन फ्रान्सिस्कोहून उत्तरेला मेंडोसिनोकडे नेलं, चारेक तासांचा रस्ता आणि शेवटी वळणंच वळणं, त्यापुढे आपला कसारा घाट बरा. म्हणाले, आई, तुमच्यासाठी एक खास जागा शोधली आहे. कॅस्पर आणि फोर्ट ब्रॅग या दोन गावांच्या मधे जग हँडल नावाची राखीव जागा आहे, तिथे समुद्राच्या कड्यापासून सुरुवात करून आत जंगलात अडीच मैल चालत जायचं आणि त्याच वाटेने परत. मुलीचं म्हणणं होतं की आईला मॉलमधे नेलं असतं तर कमी चालावं लागलं असतं.

तर ही जागा म्हणजे काय, तर पायऱ्या. खऱ्या पायऱ्या नाही, जमिनीच्या. पाच पायऱ्या आहेत, प्रत्येक साधारण शंभर फूट उंच आणि खालच्या पायरीपेक्षा साधारण एक लाख वर्षांनी म्हातारी. सरळ एकावर एक, आपल्या रामकुंडाच्या घाटासारख्या, फक्त एकेक पायरी अर्धा-पाऊण मैल रुंद.

या कशा झाल्या ते भारी आहे. समुद्राची लाट कडा खात खात आत सरकते आणि पाण्याच्या पातळीला खडक तासून सपाट ओटा करते, वर वाळू-गोटे पसरते. हिमयुगात पाणी बर्फ होऊन अडकतं आणि समुद्र शंभर मीटरपेक्षा जास्त खाली जातो, बर्फ वितळला की परत वर येतो, आणि या सगळ्या काळात तिथला किनारा भूगर्भातल्या हालचालींमुळे हळूहळू वर उचलला जातोय, थांबतच नाही. म्हणजे समुद्र परत येतो तोवर जुना ओटा त्याच्या हाताबाहेर वर गेलेला असतो, मग तो खाली नवीन ओटा कापतो. सगळ्यात वरची पायरी सगळ्यात आधी कापलेली. आपल्याकडे गोदावरीनं पण काठाला असे थर टाकलेत, गंगापूरजवळच्या थरांत पुरातत्त्वज्ञ सांकलियांना अश्मयुगीन हत्यारं सापडली होती, पण ते नदीचं काम, हे समुद्राचं.

पहिल्या पायरीवर गवत. नुसतं गवत आणि वारा. माती काळपट, भुसभुशीत, मुळांनी भरलेली, बघून मला बरं वाटलं, ओळखीचं कोणीतरी भेटल्यासारखं. दुसऱ्या पायरीवर झाडं सुरू, पाईन, फर, आणि आतल्या बाजूला रेडवूड, मान मोडेपर्यंत वर बघायचं. मी मनात म्हटलं, दुसऱ्या पायरीवर एवढं तर तिसरीवर काय असेल!

तिसरीवर चार फुटांची झाडं.

खरंच. माझ्या खांद्याला लागतील न लागतील अशी, काड्यांसारखी, अंगावर राखाडी शेवाळासारखं लायकेन लोंबतंय. आणि ही रोपं नाहीत, त्यातली कित्येक शंभरी पार केलेली आहेत. सायप्रसची एक जात आहे तिथे, हीच जात थोड्या अंतरावर बऱ्या मातीत शंभर फुटांच्या वर जाते आणि इथे चार फुटांत आयुष्य काढते. पिग्मी फॉरेस्ट म्हणतात त्याला. पाऊस तोच, धुकं तेच, खालचा वालुकाश्म तोच, वरची वाळू पण समुद्राचीच. वेगळं काय, तर वय.

आणि मग ती माती. रस्त्याच्या कडेला एके ठिकाणी काठ कापलेला होता तिथे मी चक्क गुडघ्यावर बसले, लेक म्हणे आई लोक बघतात. बघू दे. वर बोटभर काळा कुजलेला पाला, त्याच्या खाली राख. म्हणजे राख नाही, राखेच्या रंगाची पांढरट माती, चुलीतली थंड झालेली राख असते ना डिट्टो तशी, आणि त्याच्या खाली दीड फुटावर एकदम तांबूस-तपकिरी कडक थर, किल्लीने ओरखडा ओढला तरी निघेना, दगडच म्हणा. या मातीच्या सीरीजचं, म्हणजे जातीचं, नाव ब्लॅकलॉक. पांढऱ्या मातीला ब्लॅकलॉक, असो.

आता इथे मला लॅबमधली सगळी वर्षं आठवली. आपल्याकडे द्राक्षाचं पान पिवळं पडतं, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, लोक म्हणतात केवडा पडला. मातीत लोखंड नाही का? ढीगभर आहे, आपला बेसाल्ट लोखंडानेच भरलेला आहे. पण पीएच आठच्या वर आणि वरून चुना, त्यामुळे ते असं काही घट्ट बसून राहतं की मुळाला मिळत नाही. मग शेतकरी दुकानात जाऊन चिलेटेड फेरस आणतो, चिलेट म्हणजे काय तर एक सेंद्रिय रेणू जो लोखंडाला चिमट्यात धरल्यासारखं धरतो आणि पाण्यात विरघळलेलं ठेवतो. किलोमागे काय भाव लावतात ते द्राक्षवाल्यांना विचारा.

आणि मेंडोसिनोच्या त्या जंगलात हेच चिलेट फुकट तयार होतंय! सूचिपर्णी झाडांचा पाला कुजतो, त्यातून सेंद्रिय आम्लं निघतात, ती वरच्या थरातलं लोखंड आणि ॲल्युमिनियम चिमट्यात पकडतात आणि पावसाच्या पाण्याबरोबर खाली घेऊन जातात. खाली गेलं की पकड सुटते, तिथे ते साचतं, आणि हजारो वर्षांत त्याचं सिमेंट होतं. वर राहते धुऊन निघालेली गारेची, म्हणजे सिलिकेची, वाळू, तिच्यात झाडाला खायला काही म्हणजे काही नाही. पीएच चारच्या खाली. आपल्या आठच्या मातीशी तुलना करायची तर पीएचच्या मोजपट्टीवर एक अंक म्हणजे दहापट, म्हणजे चार अंकांत आम्लता दहा हजार पट. मी ते मोजून बघितलं तेव्हा दोनदा आकडेमोड केली.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट अशी की हे सगळं त्या ओट्याच्या सपाटपणामुळे होतं. उतार असता तर वरची दमलेली माती वाहून गेली असती आणि खालचा ताजा खडक उघडा पडला असता. पण समुद्राने इतका सपाट ओटा करून ठेवलाय की माती जागची हलत नाही, पाणी आडवं जायला जागा नाही म्हणून उभं खाली झिरपतं, धुत बसतं. मग खाली कडक थर झाला की तेही बंद, हिवाळ्यात पाऊस पडला की थराच्या वर पाणी तुंबतं, मुळं गुदमरतात, आणि उन्हाळ्यात तेच झाड तहानेनं मरायला टेकतं कारण मुळाला दीड फुटाच्या खाली जायची सोयच नाही. आपल्याकडे चोपण जमिनीत पावसाळ्यात पाणी साचतं आणि उन्हाळ्यात टणक होते ना, हाल तेच, कारण मात्र पूर्ण उलटं, चोपणात सोडियममुळे मातीचे कण सुटे होऊन छिद्रं बुजतात.

या पायऱ्यांचा अभ्यास हान्स जेनी नावाच्या मृदाशास्त्रज्ञांनी केला, मूळचे स्वित्झर्लंडचे, पुढे बर्कलीला प्राध्यापक. १९४१ साली त्यांनी मांडलं की माती पाच गोष्टींवर ठरते, हवामान, जीव, चढउतार, मूळ खडक आणि काळ. कॉलेजमधे हे आम्ही पाठ केलेलं, परीक्षेत हमखास पाच मार्कांना. पण पाठ करणं वेगळं. जेनींची आयडिया अशी की चार गोष्टी सारख्या असतील अशी जागा शोधा म्हणजे पाचवीचं काम दिसेल, आणि या पायऱ्यांवर काळ एकटा काम करताना दिसतो (अगदी एकटा नाही, झाडं पण बदलतात, पण समजून घ्या). पहिली पायरी ते तिसरी पायरी म्हणजे दोन लाख वर्षं एका सकाळी पायी.

आणि गंमत म्हणजे नाशिककरांना असाच एक धडा घरात आहे, फक्त काळाच्या जागी पावसाचा. इगतपुरीला निघा, तिथे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, तांबूस माती, भात. नाशिकला या, सातशेच्या आसपास. पुढे येवल्याकडे गेलात की पाचशे-सहाशे, सपाटीला काळीभोर माती, भेगा, चुनखडी. खडक सगळीकडे तोच बेसाल्ट. इगतपुरीला पाणी चुना धुऊन घेऊन जातं, येवल्याला नेत नाही, तिथेच गोळ्या होऊन बसतो. दर वेळी त्या रस्त्याने जाताना खिडकीतून हे दिसत होतं आणि मी बावीस वर्षं मोबाईल बघत होते.

कोकणातले सडे, म्हणजे जांभ्याची सपाट पठारं, बघून जावईबापूंना वाटलं होतं की ते पण समुद्राने कापलेले असतील, फोनवर फोटो दाखवत होते. म्हटलं नाही हो, जांभ्याची गोष्टच वेगळी. तिथे उष्ण दमट हवेत खडक जागच्या जागी कुजला, सिलिका धुऊन गेली आणि लोखंड-ॲल्युमिनियम मागे राहिलं, म्हणून जांभा लाल. मेंडोसिनोला लोखंड पळालं आणि सिलिका मागे राहिली, म्हणून पांढरं. आणि आमच्या निफाडला कोणीच कुठे गेलं नाही, सगळे एकत्र कुटुंबात, म्हणून भांडणं.

वर्गीकरणाबद्दल थोडं लिहिते, कंटाळा आला तर पुढे जा. अमेरिकन पद्धतीत मातीचे बारा मुख्य गट आहेत आणि नाव शेपटाकडून वाचायचं. ही पिग्मी जंगलाची माती ड्युराक्वॉड. शेवटचं 'ऑड' म्हणजे स्पोडोसोल गट, ग्रीकमधे स्पोडोस म्हणजे लाकडाची राख, त्याआधी 'ॲक्व' म्हणजे पाणी तुंबतं, आणि सुरुवातीचं 'ड्युर' म्हणजे कडक. राख, पाणी, कडक थर, अख्खी कुंडली एका शब्दात. आपली काळी माती हॅप्लस्टर्ट, त्यात 'अर्ट' म्हणजे व्हर्टिसोल, लॅटिनमधे उलटणे-फिरणे, कारण ती उन्हाळ्यात भेगाळते, वरची माती भेगेत पडते आणि पावसात फुगून स्वतःलाच उलटीपालटी करते. 'उस्ट' म्हणजे भाजलेली, कोरडी. व्हर्टिसोल म्हणायला चिकणमाती किमान ३० टक्के लागते, आपल्याकडे त्याची कमी नाही.

पण आपल्याकडची जुनी पद्धत पण काही कमी हुशार नव्हती. १८३६ च्या सुमारास इंदापूरपासून इंग्रजांनी जी सारा-आकारणी सुरू केली त्यात विंगेट आणि गोल्डस्मिड या अधिकाऱ्यांनी माती रंग-पोत बघून तीन प्रतींत आणि हाताने खोली मोजून नऊ वर्गांत बसवली होती. पावणेदोन हात खोल काळी बारीक माती म्हणजे सोळा आणे. मग दोष शोधायचे, चुनखडीचे खडे, वाळू, उतार, पाणी साचणं, प्रत्येक दोषाला एक वर्ग खाली. मी तिथे उभ्या उभ्या ब्लॅकलॉकला मार्क दिले, खोली हातभर, पोत रेताड, पाणी तुंबतं, माझ्या हिशोबाने सहा आण्यांच्या वर जाणार नाही. जंगलाला सारा भरायचा नसतो म्हणून चाललंय.

परत आल्यावर दिराने मळ्यात बोलावलं, खालच्या कोपऱ्यात नवीन द्राक्षबाग लावायची म्हणून जेसीबीने खड्डा घेतला होता. अडीच फुटांवर पांढऱ्या गोळ्या. भाऊजी म्हणे, "वहिनी, हीच का तुमची अमेरिकेची पांढरी माती?" मी जेवणाच्या डब्यातलं लिंबू मागितलं, एका गोळीवर पिळलं, फेस आला. म्हटलं ही चुनखडी, तिकडच्या मातीवर लिंबू पिळलं तर काहीच होणार नाही, ती आधीच लिंबाच्या बाजूची. भाऊजी फेसाकडे बघत म्हणाले, "मग लावू की नको?"

मी म्हटलं खुंट (ज्यावर द्राक्षाचं कलम करतात तो) कुठलाही घ्या, इथे दर हंगामात फेरस मारत बसाल, लावायचीच तर वर मुरमाड बाजूला लावा. तर तिथे त्यांचा कांदा आहे. अजून काही ठरलं नाही, खड्डा तसाच उघडा आहे आणि त्यात परवाच्या पावसाचं पाणी साठलंय.