फ्रंट डेस्कची जागा आणि एक शेरा

मी न्यू जर्सीतील एका हॉटेलच्या मनुष्यबळ विभागात काम करते. फ्रंट डेस्कच्या जागेसाठी झालेल्या मुलाखतींचे कागद त्या दिवशी माझ्याकडे आले, तेव्हा सर्वाधिक गुण मिळालेल्या तरुणीच्या नावापुढे व्यवस्थापकांनी 'हिशेब विभागात घ्यावे' असा शेरा मारलेला होता. ती हिजाब घालून आली होती. पगार तोच आहे, वेळाही सोयीच्या आहेत, शिवाय एखादा पाहुणा काही बोलला तर तिलाच वाईट वाटेल, असे ते मला मनापासून समजावत होते. त्यांच्या बोलण्यात आकस नव्हता, आणि म्हणूनच मला अधिक काळजी वाटली.

अमेरिकेच्या १९६४च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण धर्मावरून नोकरी नाकारण्यास तर मनाई करतेच, पण धर्म पाहून कर्मचाऱ्यांना वेगळे काढण्यासही करते. पाहुण्यांच्या नजरेआड बसवणे म्हणजे तेच. ग्राहकांची नापसंती हा मालकाचा बचाव होऊ शकत नाही, अशी हा कायदा राबवणाऱ्या समान रोजगार संधी आयोगाची स्पष्ट भूमिका आहे.

"पण हिजाबासाठी तिने नियमातून सवलत मागितलीच कुठे आहे?" असे त्यांनी विचारले. तेव्हा मी त्यांना ॲबरक्रॉम्बी अँड फिच या कपड्यांच्या दुकानांच्या कंपनीविरुद्धचा खटला सांगितला. २००८ साली ओक्लाहोमातील टल्सा येथे सतरा वर्षांच्या समंथा एलॉफने हिजाब घालून मुलाखत दिली. मुलाखत घेणारीने तिला पात्र ठरवले, पण दुकानाच्या वेशनियमात टोपीला मनाई असल्याने वरिष्ठांनी नेमणूक अडवली. मुभा तिनेही मागितली नव्हती. तरीही २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निकाल दिला, की धार्मिक आचरणाला मुभा देणे टाळण्याच्या हेतूने नोकरी नाकारली असेल, तर मालकाला खात्रीने माहीत होते की त्याचा केवळ अंदाज होता, याने फरक पडत नाही.

मी स्वतः श्रद्धेने कुंकू लावून त्याच इमारतीत रोज वावरते. माझ्या कुंकवाला जो कायदा संरक्षण देतो तोच तिच्या हिजाबालाही देतो, हेही मी त्यांना सांगितले.

त्यांनी शेरा खोडला आणि संध्याकाळी मी तिला फोन केला. गणवेशाच्या निळ्या रंगाचा हिजाब तिच्या श्रद्धेला चालेल का, एवढेच विचारले. चालेल, असे ती म्हणाली. नियमावलीतील 'डोक्यावर काहीही घालू नये' हे वाक्य वगळण्याचा प्रस्ताव मात्र अजून मालकांच्या सहीसाठी पडून आहे आणि माझा पाठपुरावा सुरू आहे.