दिसलं का?

दुपारी शॉवर सोडला तर अर्ध्याच भोकांतून पाणी. बाकीची क्षार बसून बुजलेली. स्टुलावर चढून टाचणीने एकेक भोक टोकरायला घेतलं, तेव्हा शेजारच्या नळाच्या तोंडाकडे लक्ष गेलं. कडेला तांदळाच्या दाण्याएवढं पांढरं, खरखरीत टोक लोंबत होतं आणि त्याला एक थेंब लटकलेला. आता पडेल, मग पडेल, पण पडत नव्हता. मी टाचणी तशीच धरून बघत राहिलो. असाच एक थेंब पूर्वी बघितला होता, तोही तिकीट काढून.

चुनखडीच्या गुहेत. लोखंडी जिना, ओला कठडा, बारा-पंधरा जणांचा घोळका आणि पुढे टॉर्चवाला गाईड. थंडीचे दिवस होते. अशा गुहेत आतली हवा बारा महिने जवळपास सारखीच, बाहेरच्या वर्षभराच्या सरासरीइतकी. त्यामुळे थंडीत आत शिरलं की ऊब लागते. ऊब आणि दमटपणा. पहिल्याच वळणावर चष्म्यावर वाफ धरली. पुसला, पुन्हा धरली. नेमका तेव्हाच गाईडने टॉर्च वरच्या दगडाच्या आकारावर मारून विचारलं, "हत्ती दिसला का?"

"हो," मी म्हणालो.

हे माझं जुनं दुखणं. लहानपणी उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपायचो. दादा माझं मनगट धरून बोट आभाळाकडे रोखायचा. "चार ताऱ्यांचा चौकोन, पुढे तिघांची शेपटी. सप्तर्षी. दिसले?" मला वर कुणीतरी पीठ सांडल्यासारखं दिसायचं. तीनदा नाही म्हटलं की दादाचा आवाज चढायचा, म्हणून चौथ्यांदा हो. दोन वर्षांनी शाळेत फळ्यावरचं दिसेना आणि चष्मा लागला. त्या उन्हाळ्यात गच्चीवर गेलो, तर खरोखरच चौकोन आणि शेपटी! केवढे ठसठशीत! पण आनंद सांगायची सोय नव्हती. माझ्याच म्हणण्याप्रमाणे ते मला दोन वर्षांपासून दिसत होते.

तर हत्ती. मग म्हातारा, मग छत्री, मग आणखी एक हत्ती. गुहा दाखवणाऱ्यांना हत्तीचं एवढं काय असतं कळत नाही. स्लोव्हेनियातल्या पोस्तोयनाच्या गुहेत १८७२ साली पर्यटकांसाठी रूळ टाकले, तेव्हा सुरुवातीला डबे गाईडच हाताने ढकलत. ढकलता ढकलता हत्ती दाखवायला त्यांना दम उरत असेल असं वाटत नाही.

एक पडदा मात्र मला खरंच दिसला. छताच्या उतारावरून पाणी एकाच रेघेने ओघळत राहिलं की दगडाची पातळ पाळ खाली उतरत जाते, चुण्यांसकट. गाईडने मागून टॉर्च धरला आणि आतले तांबूस-तपकिरी पट्टे उजळले. मी एवढ्या मोठ्याने "दिसला!" म्हणालो की पुढच्या दोघांनी वळून पाहिलं.

छतावरून लोंबणाऱ्या आणि जमिनीवरून वर वाढणाऱ्या दगडी खुंटांना भूगोलाच्या पुस्तकात ऊर्ध्वमुखी आणि अधोमुखी लवणस्तंभ म्हणत. कुठला वरचा, कुठला खालचा, यात दरवेळी एक मार्क जायचा. शिवाय लवण म्हणजे मीठ, म्हणून कित्येक वर्षं माझ्या डोक्यात ती मिठाची गुहा होती. त्यामुळे गुहेत कुणाचं लक्ष नाही असं बघून तळहातावर पडलेला थेंब मी हळूच जिभेला लावला. आमच्या नळाच्या पाण्याची चव.

तेच तर आहे ते. पावसाचं पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं, चुनखडी विरघळवत खाली उतरतं. गुहेच्या छताशी पोचलं की सोड्याची बाटली उघडल्यासारखा तो वायू निघून जातो आणि मग चुनाही पाण्यात राहत नाही. कणभर वर चिकटतो, कणभर खाली. वाढ साधारण वर्षाला मिलिमीटरचा दहावा हिस्सा; कुठे कमी, कुठे जास्त. एका ठिकाणी वरून उतरलेला आणि खालून वाढलेला यांच्यात जेमतेम बोटभर अंतर होतं. "शंभरेक वर्षांत भेटतील," गाईड म्हणाला. एकाने घड्याळ बघितलं.

हात लावायचा नाही. कातडीचा तेलकटपणा दगडाला लागला की पाणी नुसतं घसरून जातं, चुना धरत नाही. कठड्याजवळचा एक खुंट हात लागून लागून काळा, गुळगुळीत झाला होता. फ्रान्समधल्या लास्कोच्या गुहेत हात लावायचीही गरज पडली नाही. माणसांच्या नुसत्या श्वासाने भिंतींवरची हजारो वर्षांची चित्रं बिघडायला लागली आणि १९६३ साली ती गुहा लोकांना बंद करावी लागली. आता लोक नक्कल बघायला जातात. तिथेही "दिसलं का?" "हो, हो" चालत असणार.

शेवटी गाईडने दिवे घालवले. नाकासमोर धरलेला हात दिसेना. पहिल्यांदाच सगळे माझ्यासारखे. कुणी हसलं नाही, खोकलं नाही. लांब कुठेतरी टप्. बऱ्याच वेळाने पुन्हा टप्. मला एकदम मनगटावरची दादाची पकड आठवली. वाटलं, वर गेल्यावर त्याला फोन करावा आणि सांगून टाकावं, की ती दोन वर्षं मला एकही तारा दिसत नव्हता. मग दिवे लागले, सगळे डोळे चोळत जिन्याकडे निघाले, आणि राहून गेलं.

त्यानंतर राहूनच गेलं. फोन करण्याजोगा दादा आता नाही.

नळाचा थेंब पडला. दुसरा जमू लागला. ते टोक टाचणीने सहज उडालं असतं. मी हात लावला नाही.

बाहेरून हाक आली, "झाला का रे शॉवर साफ?"

"हो," मी म्हणालो. अजून निम्मी भोकं बुजलेलीच होती.